अडुळसा: खोकल्यावर कसा घ्यावा, किती घ्यावा आणि कुणी मुळीच घेऊ नये

खान्देशात दिवाळी उलटली की खोकल्याचे दिवस सुरू होतात. जळगाव-धुळ्याकडे पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि दुपारी पुन्हा ऊन चटका देतं. त्याच सुमाराला कापसाच्या गाड्या जिनिंगवर लागतात, नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते आणि सातपुड्याच्या पाड्यांवर बंद घरात चूल पेटते. थंडी, तंतू, खकाणा आणि धूर अशी चारही बाजूंनी छातीवर चढाई होते. मग कुणीतरी म्हणतं, "अडुयसाना पाला उकळी प्या." सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. कोणत्या खोकल्याला, कुणी, किती आणि किती दिवस, हा उरलेला अर्धा भाग सहसा कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी.

मी शहाद्याकडे बरीच वर्षं औषधनिर्माता म्हणून काम केलं. औषधाच्या खिडकीत बसणाऱ्याला लोक घरी काय-काय घेऊन झालं ते सांगतात. त्यात अडुळशाचं नाव हमखास असे. त्यावरचा लोकांचा विश्वास मला पटतो. मात्र "झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार" हे वाक्य मला पटत नाही. ज्या पानात गुण आहे त्याला माप, मुदत आणि मनाई हे तिन्ही लागतं.

पानात आहे तरी काय

अडुळशाला संस्कृतात वासा किंवा वासक म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव जस्टिसिया अधाटोडा. त्याच्या पानांत वासिसीन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं आणि शरीरावर परिणाम करणारं रसायन असतं आणि त्याच्याच जवळचं वासिसिनोन. श्वासनलिकेत चिकटून बसलेला घट्ट कफ पातळ करून सुटायला मदत करणं हे अडुळशाचं मुख्य काम. नळ्या थोड्या सैल करण्याचा गुणही त्यात आहे, पण दम्याचा झटका आवरण्याइतका तो नाही.

आज दुकानात मिळणाऱ्या कफाच्या कित्येक सिरपमध्ये ब्रोमहेक्झिन किंवा अँब्रोक्सॉल असतं. वासिसीनच्या रचनेवर काम करता-करता ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि १९६० च्या दशकात ते औषध म्हणून वापरात आलं. ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं त्यातूनच अँब्रोक्सॉल मिळालं. म्हणजे बांधावरच्या झुडपाचं आणि दुकानातल्या बाटलीचं नातं जवळचं आहे. यातून लगेच एक व्यवहाराची गोष्ट निघते: डॉक्टरांनी अशी बाटली लिहून दिली असेल तर तिच्या जोडीला घरी अडुळशाचा काढा सुरू करू नका. एकाच कामाची दोन औषधं होतात, कफ एकदम सुटतो आणि ज्यांना जोराने खोकून तो बाहेर टाकता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांचा जीव घाबरा होतो.

माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या अडुळशाच्या बाबतीत थोड्याच आहेत. वापराची परंपरा जुनी आहे आणि पानातल्या घटकांचा प्रयोगशाळेतला अभ्यासही झालेला आहे. एवढ्यावर साध्या खोकल्यासाठी थोडे दिवस तो वापरणं मला रास्त वाटतं. क्षय, न्यूमोनिया किंवा दमा त्याच्यावर सोपवणं रास्त वाटत नाही.

पहिली पायरी: खोकला कोणता, ते आधी ठरवा

पाला तोडायला जाण्याआधी खोकणाऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा. किती दिवस झाले? बेडका पडतो का, आणि त्याचा रंग कसा? ताप आहे का? धाप लागते का? काम काय करता? कोणत्या गोळ्या चालू आहेत?

सर्दी होऊन गेली, छाती भरलीय, घुरघुर वाटते, बेडका चिकट आहे आणि सुटत नाही. ताप नाही, धाप नाही. हा अडुळशाचा खोकला. इथे तो खरा उपयोगी पडतो.

घशात खवखवून येणारी कोरडी ढास निराळी. तिथे सोडवायला कफच नसतो, त्यामुळे अडुळशाचा उपयोग बेताचाच. कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि रात्री झोपताना चमचाभर मध यांनी जास्त आराम पडतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः एनालाप्रिल, रामिप्रिल अशा गटातल्या, कोरडा खोकला लागतो. तो महिनोन् महिने राहतो आणि कोणत्याही काढ्याने जात नाही. बऱ्याच घरी या खोकल्यावर काढ्यांचे प्रयोग चालू राहतात आणि गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. गोळी मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. ते दुसऱ्या गटातली गोळी देऊ शकतात.

आता आपल्याकडच्या कामांचा खोकला. मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या, मिरची भरणाऱ्या बायका दिवसभर तो खकाणा ओढतात. कांडपावरही तेच. जिनिंगमध्ये कापसाचे बारीक तंतू आणि धूळ छातीत जाते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याची खूण अगदी ठळक आहे: आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. अशी खूण दिसली तर सरकारी दवाखान्यात फुप्फुसाची तपासणी करून घ्या आणि कापसाच्या धुळीत काम करतो हे तिथे आवर्जून सांगा. संध्याकाळी अडुळसा आणि दिवसा तोच खकाणा, असं चालू राहिलं तर खोकला हटणार नाही. नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क, वाऱ्याची दिशा बघून बसणं, कामावरून आल्यावर तोंड धुऊन कपडे बदलणं आणि घरात चुलीचा धूर जायला वाट करणं हे औषधाच्या आधी येतं. साधा रुमाल बारीक धूळ फारशी अडवत नाही. काहीच नसेल तेव्हा तो बांधा, पण त्यावर विसंबू नका.

दुसरी पायरी: या खुणा दिसल्या तर पाला शोधू नका

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

खोकला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकला तर क्षयाची तपासणी करायचीच. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मरणं यांपैकी काही सोबत असेल तर दोन आठवड्यांचीही वाट बघू नका. बेडका तपासण्याची सोय सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य होते, औषधं विनामूल्य मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसे थेट खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १,००० रुपये आहे.

बेडक्यातून रक्त पडलं तर अडुळशाने घोटाळा होण्याची भीती जास्त असते. आयुर्वेदात रक्त थांबवण्यासाठी वासा नावाजलेला आहे आणि हे जुन्या लोकांना ठाऊक असतं, म्हणून घरी स्वरस, म्हणजे पानांचा ताजा रस सुरू होतो. दोन दिवसांत रक्त दिसेनासं झालं की सगळे निश्चिंत होतात आणि आतला आजार तसाच वाढत राहतो. बेडक्यातलं रक्त एकदा जरी दिसलं तरी छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी झालीच पाहिजे. वैद्यांकडे जायचं असेल तरी अहवाल हातात घेऊन जा.

लहान मुलांच्या बाबतीत श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचं कापड वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, लोक ज्याला पोट उडणं म्हणतात, किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर त्याच क्षणी निघा. आशाताईंना हाक मारा, १०८ ला फोन करा. रात्र आहे, सकाळी बघू, असं म्हणू नका.

नंदुरबारच्या आणि चोपडा-यावल पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांसाठी आणखी एक. घरात कुणाला सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असेल आणि त्याला ताप येऊन छातीत दुखायला लागलं किंवा धाप लागली, तर ती तातडीची वेळ आहे. सिकलसेलमध्ये फुप्फुसात अडथळा येऊन काही तासांत प्रकृती बिघडते. सिकलसेलचं कार्ड सोबत घ्या आणि सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

मोठ्या माणसांतही ओठ-नखं निळसर दिसणं, एक वाक्य दमात पुरं न होणं, छातीत कळ, ग्लानी, तीन दिवसांवर गेलेला जोराचा ताप, या गोष्टी काढ्याच्या कक्षेबाहेरच्या आहेत. दमेकऱ्याने इनहेलर सोडून अडुळशावर जाऊ नये. झटका आला असताना तर पहिल्यांदा इनहेलरच.

तिसरी पायरी: कुणाला द्यायचाच नाही

गरोदर बाईला अडुळसा कोणत्याही महिन्यात, कोणत्याही रूपात द्यायचा नाही. वासिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं आणि त्यामुळे गर्भपाताचा किंवा अवेळी कळा लागण्याचा धोका असतो. पूर्वी बाळंतपण अडलं की काही ठिकाणी अडुळसा वापरत, तोही याच गुणामुळे. पाळी चुकली असेल तर आधी चाचणी करा, मग काढ्याचा विचार. मूल अंगावर पीत असेल तेव्हाही टाळलेलाच बरा.

गरोदरपणात खोकला लागला तर बाई सांगायला संकोचते, घरातल्यांनी उकळलेला काढा मुकाट्याने पिते. म्हणून सासूबाईंनी, जावांनी, सगळ्यांनीच हे लक्षात ठेवावं. एकट्या तिच्यावर ही जबाबदारी टाकू नये.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना घरी केलेला अडुळसा देऊ नका. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना वैद्यांनी वजन बघून सांगितलं तरच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम नावाचा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. वर्षावरच्या मुलाला साध्या खोकल्यात अर्धा ते एक चमचा मध कोमट पाण्यातून द्यायला हरकत नाही.

मग मुलांना बाटलीतलं औषध द्यावं का? तेही मनाने नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधामुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन मुलं दगावली. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही सर्वसाधारणपणे ती देण्याची शिफारस नाही. लहान मुलाचा साधा खोकला बहुतेक वेळा दूध-पाणी पुरेसं दिलं, नाक मोकळं ठेवलं, उबेत ठेवलं की आपोआप बरा होतो. तोवर श्वास मोजत राहणं हे पालकांचं काम.

मधुमेह असणाऱ्यांनी मध, गूळ, खडीसाखर घालून काढा घेऊ नये, आणि वासावलेहात, म्हणजे अडुळशाच्या चाटायच्या पाकात, साखर असते हेही ध्यानात ठेवावं. ज्यांच्या रोजच्या गोळ्या बऱ्याच आहेत, ज्यांना हृदयाचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारूनच.

चौथी पायरी: झाड ओळखणं आणि पाला तोडणं

अडुळसा हे पुरुष-दीड पुरुष उंचीचं सदाहरित झुडूप. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावतात. पानं भाल्याच्या पात्यासारखी, दोन्ही टोकांना निमुळती, साधारण १० ते १५ सेंटीमीटर लांब. फांदीवर ती समोरासमोर जोडीने येतात. चुरगळलं की एक विशिष्ट उग्र वास येतो. वाळल्यावर तो थोडा चहाच्या पत्तीकडे झुकतो. थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पांढरी फुलं येतात. फूल ओठांसारखं दोन भागांत उघडलेलं आणि खालच्या पाकळीवर जांभळट-गुलाबी रेघा. फुलावर असताना ओळखायला सर्वांत सोपं.

खात्री होईपर्यंत पान चाखून बघू नका. आपल्या गावकुसाला कण्हेर, रुई, धोतरा, बेशरम अशी विषारी झुडपं मुबलक आहेत. कण्हेराची पानं अरुंद, चिवट आणि बहुधा तीन-तीन एकाच ठिकाणी असतात. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो अडुळसा नव्हे. काळा अडुळसा म्हणून आणखी एक झुडूप असतं, त्याची पानं जास्त अरुंद आणि खोड काळपट-जांभळं. ती वेगळी वनस्पती आहे, इथली मापं तिला लावू नका. पाला आणायला मुलांना पाठवू नका, आणि जाणत्या माणसाला एकदा झाड दाखवून घ्या.

आता खास आपल्या भागाची अडचण. अडुळसा बहुतेक ठिकाणी शेताच्या बांधावर असतो आणि बांधाच्या दोन्ही अंगाला कपाशी किंवा केळी. कपाशीवरच्या फवाऱ्याचे तुषार बांधावर पडतात, तणनाशक तर बांधावरच मारतात. असा पाला धुऊनही भरवशाचा होत नाही. काही कीटकनाशकं पानाच्या आत शिरलेली असतात. सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेचा धूळ-धुराने माखलेला पाला, सांडपाण्याच्या नाल्याकाठचा पाला, ज्या झाडाला काय लागलं हे ठाऊक नाही तो पाला, हे सगळे वर्ज्य. परसातलं, देवळाच्या किंवा शाळेच्या आवारातलं झाड बघा. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात घर असणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं.

पूर्ण वाढलेली, हिरवीगार, डाग नसलेली पानं दव सुकल्यावर सकाळी तोडा. एका झाडावरून सगळा पाला ओरबाडू नका. दोन-तीन पाण्यांतून धुवा. साठवायचा असेल तर सावलीत, वाऱ्यावर, स्वच्छ कापडावर एकेरी पसरा. चुरा करताना पान कुरकुरीत मोडलं म्हणजे वाळलं. उन्हात वाळवू नका आणि ओलसर असताना डब्यात भरू नका. पावसाळ्यात बुरशी लागते आणि बुरशीचा पाला टाकूनच द्यावा लागतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, वर महिना लिहा आणि पुढच्या हंगामाला नवा भरा.

पाचवी पायरी: काढा

मूठभर पाला, तांब्याभर पाणी, असं माप घरोघर सांगतात. कुणाची मूठ, कोणता तांब्या? वजन करा. स्वयंपाकाचा छोटा काटा नसेल तर किराणा दुकानात दहा ग्रॅम वाळलेला पाला एकदा मोजून घ्या आणि तो कोणत्या वाटीत कुठवर येतो ते बघून ठेवा. पातळ औषध मोजायला जुन्या सिरपच्या बाटलीवरचं रेघांचं झाकण उकळत्या पाण्याने धुऊन वापरा.

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात मोठ्या माणसासाठी दिवसाचं प्रमाण काढ्याकरता १० ते २० ग्रॅम वाळलेली पानं आणि ताजा स्वरस १० ते २० मिलिलिटर असं दिलेलं आहे. घरी करताना खालच्या आकड्यावर राहावं असं माझं मत आहे.

१. वाळलेली पानं १० ग्रॅम हाताने भरड चुरा. पावडर करू नका, काढा गढूळ होतो.

२. स्टीलच्या पातेल्यात १६० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात चुरा घाला आणि अर्धा तास भिजू द्या. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळी भांडं नको.

३. मंद आचेवर, झाकण न ठेवता, साधारण ४० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा. आच मोठी केलीत तर पाणी उडून जातं आणि पानातलं पाण्यात उतरत नाही.

४. कपड्यातून गाळून चोथा पिळून घ्या.

५. २० मिलिलिटर सकाळी, २० मिलिलिटर संध्याकाळी, काहीतरी खाल्ल्यावर. कोमट झाल्यावर चमचाभर मध घालता येतो.

हा काढा त्याच दिवशी संपवायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी गरम करून प्यायचा नाही. ओली पानं वापरायची असतील तर हे माप चालत नाही, कारण वाळल्यावर पानाचं वजन बरंच घटतं. ओल्या पानांचा स्वरसच काढावा.

काढा कडूजहर लागतो. तो सुसह्य व्हावा म्हणून आणि गुणासाठीही सुंठेचा तुकडा किंवा तुळशीची चार पानं उकळताना टाकायला हरकत नाही. जुन्या योगांत अडुळशाबरोबर मनुका आणि हिरडा येतो. मनुका घाला, चव सुधारते. हिरड्याने पोट साफ होतं, ज्यांचं आधीच ढिलं आहे त्यांनी टाळावा. ज्येष्ठमधाचा सोस मात्र आवरा: ते गोड असलं तरी बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाब असणाऱ्याच्या काढ्यात ते नकोच. दहा वस्तू एकत्र उकळल्या तर कशाने गुण आला आणि कशाने त्रास झाला हे कळत नाही, म्हणून अडुळशाच्या जोडीला फार तर एक-दोनच.

स्वरस काढायचा असेल तर

अडुळशाचं पान रसाळ नसतं. पाट्यावर कितीही वाटलं तरी चटणी होते, रस सुटत नाही. म्हणून वैद्य पुटपाक करत आले. पानांचा वाटलेला गोळा दुसऱ्या पानात गुंडाळायचा, वरून चिखलाचा जाड लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि लेप लाल झाला की फोडून आतला गोळा पिळायचा. आपल्याकडे गुंडाळायला केळीचं पान हाताशी असतं, पण त्यावर फवारणी झालेली नको आणि माती शेतातली नको. भरताची वांगी जशी पऱ्हाट्यांवर भाजतो तसं इथे करू नका. कपाशीच्या काड्यांवर हंगामभराच्या फवाऱ्याचा अंश असू शकतो.

घरी यापेक्षा वाफ सोपी. धुतलेली पानं इडलीपात्रात किंवा चाळणीवर दहा मिनिटं वाफवा, निवू द्या, खलबत्त्यात ठेचा आणि स्वच्छ मलमलीत घट्ट पिळा. निघालेल्या रसातला ५ मिलिलिटर, तेवढ्याच मधाबरोबर, सकाळ-संध्याकाळ घ्या. पहिल्या दिवशी त्रास झाला नाही तर ७-८ मिलिलिटरपर्यंत वाढवता येतो, १० मिलिलिटर दोन वेळा ही शेवटची मर्यादा. रस ताजाच लागतो. काढा आणि स्वरस एकाच दिवशी दोन्ही घ्यायचे नाहीत.

वासावलेह घरी करण्याच्या भरीस पडू नका. पाक चुकला की तो आंबतो. आयुर्वेदिक दुकानातून घ्या आणि बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी चारही वाचा. नावात अडुळसा आणि घटकांत दुसरंच काही, असंही आढळतं. बाजारात सुट्या पुडीत, नाव-गाव नसलेलं "दम्याचं हमखास औषध" मिळतं ते घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि त्याने आलेला आराम फार महाग पडतो.

दम्यावर अडुळशाची किंवा धोतऱ्याची पानं विडीत भरून ओढण्याची जुनी चाल आहे. ती बंद झालीच पाहिजे. धूर आधीच सुजलेल्या नळ्यांना आणखी चिडवतो आणि धोतऱ्याने भ्रम होण्यापासून जीव जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

सहावी पायरी: घेताना काय बघायचं, कधी थांबायचं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेडका पातळ होऊन सहज सुटायला लागतो. सुरुवातीला खोकल्याच्या उबळी किंचित वाढल्यासारख्या वाटतील. कफ बाहेर पडतोय, घाबरू नका. सोबत दिवसभर कोमट पाणी भरपूर प्या. पाणीच कमी पडलं तर कफ पातळ होणार कशाने? हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याची मर्यादा सांगितलेली असेल तर तीच पाळा.

मळमळ, उलटी, जुलाब किंवा पोटात आग झाली तर माप जास्त होतंय. बंद करा. अंगावर पुरळ, खाज, ओठ-चेहऱ्यावर सूज आली तर लगेच दवाखाना गाठा.

तीन-चार दिवसांत काहीच फरक नाही, ताप आला किंवा बेडका हिरवा-पिवळा आणि घाण वासाचा झाला, तर डॉक्टर. गुण आला तरी पाच ते सात दिवसांवर चालू ठेवायचा नाही. "छाती साफ राहावी" म्हणून थंडीभर रोज काढा पिणारी माणसं मला माहीत आहेत. निरोगी छातीला त्याची गरज नसते. आणि खोकला परत परत येत असेल तर त्याचं कारण शोधायला हवं: धूर, धूळ, विडी-सिगारेट, दमा, क्षय. दवाखान्यात गेल्यावर अडुळसा घेतोय हे सांगा, किती दिवस आणि किती हेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

परसात एक झाड असावं

खात्रीचा पाला हवा असेल तर स्वतःचं झाड लावणं सगळ्यात उत्तम. मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की जून-जुलैत, ओळखीच्या झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची छाट घ्या. खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी तिरपी रोवा. पाणी साचणारी जागा नको. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पहिल्या वर्षी दुपारची सावली आणि आठवड्यातून दोनदा पाणी द्या. एकदा मुळं खोल गेली की झाड स्वतःला सांभाळतं. पहिलं वर्षभर पाला तोडू नका, त्यानंतर फुलोरा संपल्यावर छाटणी करा म्हणजे खालून नवी फूट येते.

शेजारी फवारणी होणार असेल तर आदल्या दिवशी झुडपावर जुनं कापड टाकून बांधा. तुषार पडलाच तर त्या हंगामाचा पाला औषधाला वापरू नका. झाड छाटून टाका आणि नव्या फुटीची वाट बघा.